लाखोळी आणि अधू पाय : सागर भागातलं १८२९ ते १८३४ चं प्रकरण

विल्यम स्लीमन हा कंपनी सरकारचा अधिकारी ठगांच्या बंदोबस्तासाठी आपल्याला माहीत असतो. १८३५ च्या हिवाळ्यात तो जबलपूरहून उत्तरेकडे निघाला. वाटेत सागर भागात तळ पडला, तेव्हा कमरेखाली अधू झालेले तरुण मोठ्या संख्येने त्याच्या तंबूभोवती जमले आणि काही इलाज सांगा म्हणून विनवू लागले. हा मुलूख १८१८ पर्यंत पेशव्यांच्या अंमलाखाली होता, गोविंदपंत बुंदेल्यांचं ठाणं इथलंच. स्लीमनने पाहिलं-ऐकलं ते १८४४ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात नोंदवलं. तो डॉक्टर नव्हता, पण पिकं कोणत्या क्रमाने बुडाली, माणसांनी काय खाल्लं, कोणत्या वर्षी किती वयाची माणसं पडली, हे सगळं त्याच्या टिपणात आहे. त्यामुळे जवळजवळ दोन शतकांनंतरही हे प्रकरण आजच्या माहितीशी ताडून पाहता येतं.

काय घडलं

१८२९ मध्ये गारपिटीने गहू आणि इतर रब्बी पिकं झोपली. १८३० मध्ये पाऊस वेळेवर झाला नाही, पीक जेमतेम. १८३१ मध्ये गव्हावर रोग पडला आणि शेतंच्या शेतं गेली. वर्णनावरून तो बहुधा तांबेरा असावा. या तिन्ही वर्षांत एकच गोष्ट तगली. गव्हाच्या रानात आपोआप उगवणारं तिवडा हे कडधान्य, म्हणजे आपली लाखोळी. गारांनी ती मोडली नाही, कोरड्याने वाळली नाही, रोगाने काळी पडली नाही. १८३१ मध्ये बुडालेल्या गव्हाच्या रानांतून तिचं भरघोस पीक हाती आलं. लोकांनी त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मुख्यतः तिच्यावरच दिवस काढले. दाणा माणसांना, पाला आणि काड जनावरांना.

१८३३ मध्ये माणसं पडू लागली. तिशीच्या आतली, बायका आणि पुरुष दोन्ही. कमरेखालचा भाग एकाएकी गेला, आधी कसली चाहूल नाही, पुष्कळदा झोपेत. स्लीमन ज्या गावाबद्दल लिहितो तिथली जवळजवळ निम्मी तरुण माणसं १८३३ आणि १८३४ या दोन वर्षांत कमी-अधिक बाधित झाली. आजूबाजूच्या ज्या गावांत लाखोळी हेच मुख्य अन्न होतं, तिथेही तीच गत. १८३४ नंतर नवा रुग्ण नाही. आणि एकदा पाय गेलेल्यांपैकी कुणाचेही परत आले नाहीत.

या शेवटच्या दोन गोष्टी निदानासाठी सर्वांत मोलाच्या आहेत. साथीचा रोग असता तर तो शेजारच्या, लाखोळी न खाणाऱ्या गावांतही पसरला असता आणि धान्याचा हंगाम पाहून थांबला नसता. इथे खाणं बदललं आणि नवे रुग्ण थांबले, पण जुने जिथे होते तिथेच राहिले. बरे झाले नाहीत आणि वाढलेही नाहीत. लाखोळीच्या लकव्याची खूण नेमकी हीच. पायांचे स्नायू ताठरतात, पोटऱ्यांत गोळे येतात, गुडघे आत वळून चालताना एकमेकांवर आदळतात, टाच जमिनीला टेकत नाही. स्पर्श कळतो, बुद्धी शाबूत राहते, हात सहसा वाचतात. पुढच्या काळातल्या डॉक्टरांनी पायऱ्या ठरवल्या त्याही चालण्यावरूनच: काठीशिवाय चालणारा, एका काठीचा, दोन काठ्यांचा, आणि बसल्या बसल्या घसटत जाणारा. रुग्ण ज्या पायरीवर स्थिरावतो तिथेच उरलेलं आयुष्य काढतो, आणि आयुष्य पूर्ण असतं.

आधी कुणालाच माहीत नव्हतं का?

होतं. सुश्रुताने ‘कलायखंज’ सांगितला आहे: चालायला सुरुवात करताना थरथरणारा, लंगडत जाणारा, सांधे सैल झालेला रोगी. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात त्रिपुट या कडधान्याचे गुण देताना ते रुचकर, कफपित्त हरणारं असं म्हणून झाल्यावर ते लंगडेपणा आणि पांगळेपणा आणतं, वात फार वाढवतं, असा स्पष्ट इशारा आहे. युरोपातही १६७१ मध्ये जर्मनीतल्या व्यूर्टेंबर्गच्या ड्यूकने भाकरीत हे पीठ घालायला मनाई केली होती. स्पेनमध्ये नेपोलियनच्या काळातल्या माद्रिदच्या दुष्काळात लोक याच पिठाच्या पेजेवर जगले. त्यावर चित्रकार गोयाचं एक कोरीव चित्र आहे, त्यात पाय गेलेली बाई जमिनीवर आडवी पडलेली दिसते. १८७३ मध्ये इटलीतल्या कांतानी नावाच्या वैद्याने रोगाला ‘लॅथिरिझम’ हे नाव दिलं, वनस्पतीच्या लॅथिरस सॅटायव्हस या शास्त्रीय नावावरून.

म्हणजे सागरच्या गावांत अज्ञान हे कारण धरता येत नाही. धोक्याची कुणकुण असली तरी दुसरं खायला नव्हतं. या प्रकरणाचा पुढचा सगळा विचार इथूनच करावा लागतो.

विष कोणतं आणि ते काय करतं

उत्तर मिळायला १९६४ उजाडलं, आणि मधल्या काळात दोनदा वाट चुकली.

पहिली चूक तणाची. गव्हाच्या रानात लाखोळीबरोबर अकटा नावाचं दुसरं शेंगवर्गी तण येतं, त्याचे दाणे राशीत मिसळतात. १९२० च्या दशकात भारतातल्या एका संशोधक गटाने सगळा दोष या अकट्यावर टाकला आणि शुद्ध लाखोळी निर्दोष ठरवली. दुसरी चूक उंदरांची. लॅथिरस कुळातल्या, फुलांसाठी लावतात त्या स्वीट पीचं बी उंदरांना घातलं की त्यांची हाडं वाकतात, रक्तवाहिन्या फुटतात. त्यामागचं द्रव्य १९५४ मध्ये सापडलं. पण माणसांत हाडांचा नव्हे, मज्जातंतूंचा रोग होता. नाव एक, रोग दोन, आणि त्या गोंधळात बरीच वर्षं गेली.

अखेर १९६४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या राव, अडिगा आणि सर्मा यांनी आणि दिल्लीत मूर्ती, शेषाद्री आणि वेंकटसुब्रमण्यन यांनी एकाच सुमारास दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळं काढलं. त्याचं लांबलचक नाव सोडून आपण सगळे वापरतात ते ‘ओडॅप’ म्हणू. कोंबडीच्या लहान पिल्लांना ते टोचलं की मान मागे ओढली जाते आणि झटके येतात. मोठ्या कोंबड्यांवर तसा परिणाम दिसत नाही. जनावरांवरच्या आधीच्या प्रयोगांत काहीच का सापडत नव्हतं, याचा एक धागा इथे मिळाला.

ओडॅपची ठेवण ग्लुटामेटसारखी आहे. मेंदूत पेशी एकमेकींना चेतवतात त्या निरोपांतलं ग्लुटामेट हे मुख्य रसायन. ओडॅप त्याच्याच जागी जाऊन बसतं आणि चेतापेशीला उसंत न देता चेतवत राहतं. दमलेली पेशी शेवटी मरते. मेंदूपासून कमरेपर्यंत जाणारे, पायांची हालचाल चालवणारे तंतू शरीरातल्या सर्वांत लांब तंतूंपैकी असतात, आणि इजा तिथेच सर्वांत ठळक दिसते. मेलेल्या चेतापेशी पुन्हा होत नाहीत, म्हणून इलाज नाही. स्नायू सैल करणाऱ्या औषधांनी ताठरपणा थोडा कमी होतो, एवढंच.

औषधी वनस्पतींच्या इतिहासात रस असणाऱ्यांसाठी एक आडवळण. हाच रेणू चीनमधल्या सान्ची या जिनसेंगच्या भावंडातही आहे, आणि तिथे रक्तस्राव थांबवणारं औषधी द्रव्य म्हणून तो वेगळ्या नावाने ओळखला जातो. चिमूटभर मुळीत तो औषध ठरतो. ताटभर डाळीचं गणित वेगळं, आणि ते आता मांडू.

किती खाल्लं, किती दिवस

सागरच्या नोंदीत मापं नाहीत. ती दुसऱ्या, फार क्रूर प्रकरणातून मिळतात. दुसऱ्या महायुद्धात रुमानियाच्या ताब्यातल्या युक्रेनमध्ये वाप्नियार्का इथे ज्यू कैद्यांची छावणी होती. १९४२ च्या सप्टेंबरपासून तिथे रोज ४०० ग्रॅम लाखोळी मिठाच्या पाण्यात उकडून आणि २०० ग्रॅम पाव, त्यातही भुसा, एवढंच मिळे. डिसेंबरात पहिले रुग्ण दिसले, काही आठवड्यांत शेकडो. कैद्यांमधलेच एक डॉक्टर, आर्थर केसलर, यांनी रोग ओळखला. डाळ थांबली आणि नवे रुग्णही थांबले.

म्हणजे ४०० ग्रॅम रोज, सुमारे ३ महिने. साधारण नियमही असाच आहे: आहारातल्या उष्मांकांपैकी तिसरा हिस्सा किंवा जास्त लाखोळीतून येत असेल आणि हे २ ते ३ महिने चाललं, तर धोका खरा.

आता आकडे घालू. देशी वाणांत ओडॅपचं प्रमाण दर १०० ग्रॅम दाण्यात अर्धा ग्रॅम धरलं, तर ४०० ग्रॅममधून रोज २ ग्रॅम विष पोटात जातं. त्याच डाळीतून सुमारे १४०० उष्मांक येतात, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त. दुसरीकडे ०.१ टक्का ओडॅप असलेल्या सुधारित वाणाची ४० ग्रॅम डाळ, भात आणि भाजीबरोबर: ४० मिलिग्रॅम. पन्नास पट फरक. हा हिशोब परिणाम किती दूर जातो ते दाखवण्यासाठी आहे, ‘इतकं खा, काही होत नाही’ अशी हमी म्हणून वापरू नये.

दुष्काळ दोन्ही बाजूंनी मारतो, हे सागरच्या प्रकरणात नीट दिसतं. पाण्याचा ताण पडला की झाडात ओडॅप वाढतं. जमिनीत जस्त कमी आणि लोह जास्त असेल तरीही वाढतं. म्हणजे जेव्हा माणूस जास्त खातो तेव्हाच दाणाही जास्त विषारी. वर, लाखोळीत गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी असतात. ज्वारी, गहू, तांदूळ बरोबर असले की ती उणीव भरून निघते आणि चेतापेशींचं संरक्षण होतं. इथिओपियात नव्वदच्या दशकात अशीच मोठी साथ आली. तिथल्या अभ्यासांत धान्य मिसळून आणि मसाला-कांद्याच्या रश्शाबरोबर खाणाऱ्यांना धोका कमी दिसला. नुसते हिरवे किंवा भाजलेले दाणे खाणाऱ्यांना जास्त. सागरच्या लोकांकडे मिसळायला गहूच नव्हता.

राहतो एक प्रश्न: खाणं १८३१-३२ चं आणि लकवा १८३३ चा, एवढं अंतर का? वाप्नियार्कात तर तीन महिनेच लागले. आमचा तर्क असा की छावणीत पहिल्या दिवसापासून ठरलेलं माप होतं, गावात तसं नसतं. पहिल्या वर्षी घरात जुनं धान्य, थोडी ज्वारी, उसनवारी असते. लाखोळीचा वाटा हळूहळू वाढत जातो आणि साठा संपला की एकदम निम्म्यापलीकडे उडी मारतो. कमावती, राबणारी तरुण माणसं सर्वांत जास्त खातात, म्हणून तीच आधी पडतात.

स्वयंपाकघरात काय होतं

ओडॅप पाण्यात विरघळतं. सगळी युक्ती याच गोष्टीवर आहे आणि सगळी चूकही. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेने १९६० च्या दशकात घरगुती उपाय तपासले. त्यातून आणि नंतरच्या कामातून निघणारी रीत अशी:

सालं काढलेली डाळ घ्यावी. अख्ख्या दाण्यातून विष सावकाश बाहेर येतं. डाळीच्या निदान चौपट पाणी उकळून, हाताला चांगलं चटका देईल इतकं गरम असताना त्यात डाळ भिजत घालावी आणि २-३ तास झाकून ठेवावी. ते पाणी ओतून द्यावं. पुन्हा एकदा धुवावी. मग भरपूर पाण्यात शिजवून वरचं पाणीही निथळून टाकावं. असं केल्याने सुमारे ७० ते ८० टक्के ओडॅप निघून जातं. थंड पाण्यात रात्रभर भिजवूनही काही निघतं, पण कमी.

बिघडतं ते इथे. एक, भिजवलेलं पाणी ‘पौष्टिक’ म्हणून त्याच पातेल्यात ठेवलं जातं. दोन, कुकरमध्ये मोजकं पाणी घालून वरण केलं की विष भांड्याबाहेर जातच नाही; उष्णतेने त्याचा काही भाग कमी विषारी रूपात बदलतो, पण त्यावर विसंबू नये. तीन, पिठाला ही रीत लागू होत नाही. लाखोळीच्या बेसनाचं पिठलं किंवा भजी करताना पाणी टाकून देणार कुठून? म्हणून पीठ करायचं असेल तर डाळ आधी भिजवून, पाणी टाकून, कडक उन्हात वाळवून मग दळावी. वडे करणाऱ्यांचं काम सोपं आहे, डाळ भिजवून वाटायचीच असते. फक्त पाणी एकदाऐवजी दोनदा, गरम, आणि भरपूर हवं. चार, भाजणं. १४०-१५० अंशांवर २० मिनिटं भाजल्यास विष बरंच नष्ट होतं असं प्रयोगात दिसलं, पण तव्यावर वरवर शेकलेला दाणा त्या तापमानाला आतपर्यंत पोचत नाही, आणि लायसिन हे उपयोगी अमिनो आम्लही त्यात जातं.

पाण्याबरोबर ब जीवनसत्त्वंही वाहून जातात, हा खर्च धरूनच चालावं. आणि ही सगळी रीत १८३१ च्या गावाला सांगून काय झालं असतं? कोरड्या वर्षी चौपट पाणी आणि दोनदा उकळायला सरपण कुणाकडे असणार होतं?

बंदी

१९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली लाखोळीच्या, म्हणजे खेसरीच्या विक्रीवर बंदी आली. काही राज्यांनी ती लागूच केली नाही. महाराष्ट्राने केली आणि २००८ मध्ये उठवली. पण देशपातळीवरच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमावलीत खेसरी, तिची डाळ, पीठ आणि त्यांची मिश्रणं विकण्यास मनाईचं कलम पुन्हा आहेच.

आमच्या मते या बंदीने चुकीच्या ठिकाणी बोट ठेवलं. धोका रोजच्या आहारातल्या वाट्यात आणि महिन्यांच्या संख्येत होता, बंदी बाजारातल्या पोत्यावर आली. ज्यांना लकवा झाला ते बहुतेक विकत घेणारे नव्हतेच. स्वतः पिकवणारे किंवा रीवा भागातल्यासारखे मजुरीच म्हणून लाखोळी मिळणारे. आणि बाजारात ती थांबली नाही, फक्त नाव बदलून तुरीच्या डाळीत आणि हरभऱ्याच्या बेसनात गेली. आपण काय खातोय हे खाणाऱ्याला कळेना, मग पाणी टाकून द्यायची काळजी तो घेणार कशी?

भेसळ ओळखायची तर आधी डोळ्यांनी. तुरीची डाळ गोलसर, लाखोळीची पाचरीसारखी, एका बाजूला तिरकी कापल्यागत, कडा टोकदार. पिठात आकार दिसत नाही, तिथे रसायन: थोड्या नमुन्यात ५० मिलिलिटर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून भांडं मंद उकळत्या पाण्यावर १५ मिनिटं ठेवायचं. गुलाबी रंग आला तर खेसरीचा संशय. गोची अशी की डाळीला लावतात तो मेटॅनिल पिवळा रंगही आम्लात गुलाबी होतो. तो मात्र गरम न करताच, आम्ल पडताक्षणी रंग बदलतो. म्हणून आधी थंड आम्ल घालून पाहावं. काही झालं नाही तरच तापवावं.

पूर्व विदर्भात आज

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत लाखोळी टिकून आहे, आणि कारण सागरला होतं तेच: दुसरं काही येत नाही तिथे ती येते. धान कापायच्या १०-१५ दिवस आधी, बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या शेतात, ओल असताना पण पाणी उभं नसताना, रात्रभर भिजवलेलं बी उभ्या धानातच फोकून देतात. नांगरट नाही, पाणी नाही, खत जवळजवळ नाही. या उतेरा पद्धतीत हेक्टरी ७०-८० किलो बी लागतं, कारण बरंच चिमण्या खातात आणि बरंच सुक्या भेगांत पडून फुकट जातं. बांधीत पाणी साचलं तर बी कुजतं, फार उशीर केला तर ओल निघून जाते. सगळं त्या आठवडाभराच्या अंदाजावर. कोवळ्या शेंड्यांची भाजी, मग डाळ आणि वडे, आणि काड बैलांना. प्रथिनं २५ टक्क्यांच्या पुढे.

वाणांत बराच पर्याय आला आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा पुसा-२४, सुमारे ०.२ टक्के ओडॅपचा. त्यातूनच ऊतिसंवर्धनाने काढलेला रतन. आणि रायपूरच्या कृषी विद्यापीठाचे प्रतीक आणि महातिवडा, ०.१ टक्क्याच्या खालचे. पण घरचं बी धरणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लाखोळीचं फूल मुख्यतः स्वतःच फळतं, तरी मधमाश्या शेजारच्या बांधीतलं परागकण आणतात, आणि शेजारी जुना वाण असेल तर काही हंगामांत कमी विषाचा गुण पातळ होत जातो. शिवाय मागच्या वर्षी जमिनीत सांडलेलं जुनं बी उतेऱ्यात नांगरट नसल्याने तसंच उगवतं. म्हणून नवा वाण आणायचा तर आधीच्या हंगामात लाखोळी न घेतलेल्या बांधीत पेरावा, शेजाऱ्यांनी मिळून एकच वाण लावावा, आणि फुलं आल्यावर वेगळ्या रंगाची झाडं उपटून टाकावीत. दाण्याकडे नुसतं पाहून ओडॅप कळत नाही. तीन-चार वर्षांनी बी बदलावं, किंवा गावाचा एकत्र नमुना कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ओडॅपच्या मोजणीसाठी द्यावा.